कोरा लाइट

१

गोकुळ शूटिंगवाल्याच्या कॅसेटीत जेवढी माणसं सापडतील, त्याच्या दुप्पट माणसं नुसती त्याच्या लाइटात येऊन गेली होती. हे धंद्यातलं गुपित. लग्न मोठं आणि कॅसेट एक. आहेर सुरू झाला की रांग काही हटत नाही. चुलत्याचा साडू, साडूचा शेजारी, शेजाऱ्याकडं मुक्कामाला आलेला कुणी भला माणूस, प्रत्येकाला टोपी-टॉवेल घेतानाचं शूटिंग पाहिजे असतं. सगळ्यांना घेत बसलं तर पोरीची पाठवणी कशात घ्यायची? मग गोकुळ बारीक बटण दाबून रेकॉर्डिंग बंद करायचा आणि कॅमेरा तसाच खांद्यावर धरून ठेवायचा. हॅलोजन मात्र ढणाढणा चालू. समोरचा माणूस टोपी सरळ करायचा, ओठ मिटून घ्यायचा आणि धन्य होऊन पुढं सरकायचा. ह्याला ते दोघं कोरा लाइट म्हणायचे.

दोघं म्हणजे गोकुळ आणि त्याचा लाइट धरणारा झुंबर. झुंबरचं नाव आईबापांनी आधीच ठेवलेलं, धंदा मागून सापडला. त्याला सुरवातीला वाईट वाटायचं. गोकुळनं त्याची समजूत घातली होती, की बाबा, माणसाला शूटिंग नको असतं, उजेड पाहिजे असतो. एवढा उजेड ह्यांच्या तोंडावर दुसरं कोण पाडणार हाय?

गोकुळ मूळचा निरवांगीचा. बापाची मेंढरं होती. कळपातलं कोणतं कोकरू कुठं ओरडलं हे बाप घोंगडीवर पडल्या पडल्या सांगायचा. गोकुळला कानाचं ते काम जमलं नाही, तोंडाचं जमलं. बारामतीत त्यानं आईच्या नावानं ‘सरु व्हिडिओ’ काढलं आणि गाळ्याबाहेरच्या बाकड्यावर बसून अशा थापा मारायचा, की शेजारचा सायकलवाला पंक्चर अर्धं सोडून ऐकत बसायचा. तरी गोकुळ तसा वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या आईला कुणी तसं शपथेवर सांगायला लावू नये.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात कळसच्या मोहनरावांच्या मुलीचं, प्रतिक्षाचं लग्न होतं. मुहूर्त गोरज. मोहनराव डाळिंबवाले, मांडव असा, की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाला काय शिजतंय ते वासानंच कळावं. आहेर सुरू झाला आणि थोड्या वेळानं गोकुळनं बारीक बटण दाबलं.

त्या कोऱ्या उजेडात एक म्हातारी येऊन उभी राहिली. मोहनरावांची आई, सारजाबाई. पुण्यात गळ्याचं ऑपरेशन झालेलं, गळ्याला पांढरा रुमाल. त्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला होता. मोतीबिंदूचा जाड भिंगाचा चष्मा. संध्याकाळपासून ती मांडवाच्या एका मेढीला टेकून बसली होती आणि नवरा-नवरीकडं बघायचं सोडून कॅमेऱ्याकडंच बघत होती. ज्याला बोलता येत नाही तो बघतो फार.

म्हातारीनं पदर नीट केला, चष्मा वर सरकवला आणि बोलायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. झुंबर कुजबुजला, "आजी काय तरी बोलत्यात. घ्या की जरा."

गोकुळनं कॅमेऱ्याच्या कडेनं तोंड काढून त्याला डोळा मारला.

"मुका पिच्चर हाय, झुंबर. असल्याला कॅसेट लागत न्हाय."

जवळचे दोघंतिघं फिसकन हसले. म्हातारी बोलतच होती. गोकुळ मान हलवत "व्हय आजी, व्हय, लई भारी" म्हणत राहिला. शेवटी एका बाईनं तिला दंडाला धरून बाजूला नेलं. जाताना तिनं एकदा वळून बघितलं. गोकुळनं तिकडं बघितलं नाही. पंगतीत बुंदी वाढायला घेतली होती आणि ती मात्र घ्यायला पाहिजे होती.

२

सारजाबाई त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेली. गोकुळला हे कळलं नाही. कळलं असतं तरी कोण सारजाबाई, हे त्याला आठवलं नसतं.

पुढच्या वर्षी नवरात्र उठल्यावर एका दुपारी मोहनराव गाळ्यावर आले. पन्नाशी उलटलेला, शब्द जपून वापरणारा माणूस. हातातली डाळिंबांची पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि टोपी काढून मांडीवर घेऊन बसले. आईचं वर्षश्राद्ध आलंय म्हणाले. प्रतिक्षा सासरहून येणार, सगळी भावकी जमणार. लग्नाची कॅसेट मागं भाड्यानं मशिन आणून शेजाऱ्याच्या घरी बसून सगळ्यांनी बघितली होती, पण तीत आई कुठं दिसलीच नाही.

"आमी म्हणलं, गाणी-बिणी घालताना तुमी कापली असंल," मोहनराव म्हणाले. "त्याचं काय न्हाय, धंदा हाय. पर तुमची ती मूळ कॅसेट असती नव्हं? तीत असंलच की. प्रतिक्षानं सोता बघितलंय, आई तुमच्या म्होरं उभी ऱ्हाऊन लई येळ बोलत हुती."

गोकुळ पिशवीकडं बघत राहिला. डाळिंबं मोठी होती, एकेक पुसून घेतलेलं.

"टेपरेकॉर्डरात तिचं काय सापडणार? आवाजच न्हवता," मोहनराव पुढं म्हणाले. "तिचं बोलणं नुसतं बघायचं हुतं. आमाला सगळं कळायचं न्हाय, धाकटीला मात्र कळायचं. छकुलीला. आजीच्या कुशीत झोपायची ना ती. मेल्यापासनं पोरगी इचारतीया, आजी लग्नात काय म्हणली? तेवढं जुनं काढून नव्या कॅसेटीत उतरून द्या. मुळाला बुरशी लागायच्या आत."

खरं सांगायची ती वेळ होती. एक वाक्य होतं. तात्या, ते घेतलंच न्हाय मी. मोहनरावांनी शिव्या दिल्या असत्या, नसत्याही दिल्या. टोपी घालून ते उठून गेले असते. पण गोकुळनं तोंड उघडलं की आतून खरं कधी आलंच नव्हतं, गोष्ट यायची. तशी ती आली.

"असंल की, तात्या. जाईल कुठं? उतरून ठेवतो."

मोहनरावांनी त्याच्या हातावर हात ठेवला. शेतातला, खरखरीत, गरम हात. गोकुळला तो पटकन काढून घ्यावासा वाटला.

३

मूळ कॅसेट कपाटात सापडली. गोकुळनं शटर अर्धं खाली ओढलं, दोन्ही व्हीसीआर एकमेकांना जोडले. एकात जुनी चालते, दुसऱ्यात नवी भरते, आणि जे भरतंय ते टीव्हीवर दिसतं. कॅसेट उतरवणं म्हणजे एवढंच. दूध एका पातेल्यातून दुसऱ्यात ओतल्यासारखं.

आधी त्यानं नुसतीच लावून बघितली. काय सांगावं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. माणूस अशा वेळी स्वतःच्या चुकीचाच नवस करतो. पण नाही. गुडघ्यावर टॉवेल ठेवून बसलेला एक जाडा पाहुणा दिसला, चित्र एकदा थरथरलं आणि एकदम पंगत. बुंदीची परात. मधे काही नाही. काम चोख होतं त्याचं.

मग त्यानं बेत केला. कॅसेट आहे तशी उतरवायची आणि मोहनरावांना सांगायचं, की तात्या, नेमकी तेवढ्याच जागेला बुरशी धरली. थोडी हळहळ करायची. कॅसेटीचे पैसे घ्यायचे नाहीत. बेत ठरल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं एक डाळिंब फोडलं.

नवी कॅसेट भरत होती, गोकुळ दाणे खात होता. जाडा पाहुणा आला. चित्र थरथरलं.

आणि पडदा पांढरा झाला.

पापणी लवते तेवढाच. लगेच पंगत आली. गोकुळनं दाणे चावायचे थांबवले. दोन्ही मशिनं बंद करून त्यानं जुनी कॅसेट मागं घेतली, पुन्हा चालवली. जाडा पाहुणा, थरथर, पंगत. पांढरं काही नाही. नवी लावली. जाडा पाहुणा, थरथर, पांढरं, पंगत.

जे मूळ कॅसेटीत नाही ते उतरलेल्यात होतं.

४

त्यानं मशिनमधल्या, कॅसेट वाचणाऱ्या हेडला स्पिरिट लावलं. कापसाला काळं आलं आणि गोकुळ स्वतःशी मोठ्यानं हसला. हेड घाण होता, दुसरं काय असणार? वायरी काढून पुन्हा बसवल्या. तीच नवी कॅसेट मागं घेऊन पहिल्यापासून परत भरली.

ह्या वेळी पांढरं थोडं टिकलं. आणि ते नुसतं पांढरं नव्हतं. आवाजही होता. गाळ्यात मशिनची बारीक घरघर होती, त्यात दुसरी घरघर मिसळली; मांडवाच्या मागं जनरेटर लावतात ना, तसली. पंगत येताच ती थांबली. वास्तविक पंगतीतही जनरेटर चालूच होता, पण तो लांब वाटत होता. पांढऱ्यातला जवळ होता.

गोकुळ बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. ऊन होतं, रस्ता होता, सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. बुडबुडा आला की भोक सापडतं. सगळं असंच असतं, गोकुळनं मनाला सांगितलं. भोक असतं म्हणून हवा जाते. इथंही कुठं तरी भोक असणार. सायकलवाल्यानं विचारलं, आज काय गोष्ट न्हाय का? गोकुळ म्हणाला, डोकं दुखतंय.

मग त्याला धंद्यातलीच युक्ती सुचली. कॅसेटीची कॉपी मुळापेक्षा फिकी येते. कॉपीची कॉपी आणखी फिकी. ताकात पाणी, त्या पाण्यात आणखी पाणी. शेवटी नुसतं पांढुरकं उरतं, चेहरे पुसले जातात, नवरी कोण आणि करवली कोण कळत नाही. ह्या नियमाला अपवाद त्यानं कधी बघितला नव्हता. तर हे जे काही आहे ते असंच पातळ करून टाकायचं. नव्यावरून आणखी एकात, त्यावरून आणखी एकात. धुऊन काढायचं.

कुणाला धुऊन काढायचं, हे त्यानं मनाशीसुद्धा म्हटलं नाही. पण टीव्हीकडं पाठ करून बसला.

उतरून झाल्यावर वळून बघायलाच लागलं. कॉपीच्या कॉपीत लग्न फिकं झालं होतं. प्रतिक्षाचा शालू राखाडी, मोहनरावांचा फेटा धुरासारखा, जाड्या पाहुण्याला नाकडोळे नव्हते. नियम बरोबर चालला होता. मग चित्र थरथरलं, पांढरा उजेड आला आणि त्या उजेडात गळ्याचा रुमाल दिसला. स्वच्छ. त्याची शिवण मोजता यावी इतका.

गोकुळला त्या वेळी भीती वाटली असं म्हणता येत नाही. भर दुपार होती. त्याला वाटलं ते निराळंच. लहानपणी दुसऱ्याच्या रानातला ऊस मोडताना मालकानं हाक न मारता नुसतं बांधावर उभं राहून बघत राहावं, तसं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

५

एवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण खोटं बोलणाऱ्याची एक खोड असते. एक टाका उसवला की तो तिथंच दुसरा घालतो. गोकुळनं तिसरी कॅसेट भरायला लावली.

लग्न आता ओळखू येईना. माणसांच्या जागी डाग हलत होते. सनईचं नुसतं कण्हणं झालं होतं. आणि त्या चिखलातून सारजाबाई आली ती आत्ता समोर उभी असावी अशी. पदर नीट केला. चष्मा वर सरकवला. ओठ हलायला लागले.

गोकुळ पुढं सरकला. ती काय म्हणते ते कळावं म्हणून नव्हे, खोटं कशाला बोला. ते ओठ बघवत नव्हते म्हणून त्यानं नजर वर नेली, चष्म्याकडं. जाड भिंगं. दोन्ही भिंगांत हॅलोजनचा एकेक ठिपका चकाकत होता. ठिपक्याच्या खाली काळं काही तरी, चौकोनी. कॅमेरा. व्हीएचएसच्या कॅसेटीत माणसाच्या भुवया धड येत नाहीत. भिंगातलं प्रतिबिंब येणं शक्य नाही, हे बारामतीतला कुणीही शूटिंगवाला सांगेल. गोकुळनंही ते स्वतःला सांगितलं. तोवर त्याला कॅमेऱ्याच्या कडेनं बाहेर आलेलं तोंड दिसलं होतं. डाव्या भिंगात एक, उजव्यात एक. तोंड हसत होतं. त्याचा एक डोळा मिटलेला होता.

कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, रेकॉर्डिंग चालू असलं की लाल दिवा लागतो. चष्म्यातल्या कॅमेऱ्याला लाल दिवा नव्हता.

त्यानं बटणाकडं हात नेला. पुसून टाकायचं, वरून काहीही भरायचं, क्रिकेटची मॅच, भजन, काहीही.

"आई," असा आवाज मागून आला.

मोहनराव अर्ध्या शटरखालून वाकून आत आले होते. वाकलेलेच राहिले. कमरेवर हात, नजर टीव्हीवर. गोकुळचा हात बटणावर होता तिथंच राहिला. आणि त्याच वेळी लाइट गेली.

टीव्ही बंद झाला की पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहतो आणि बारीक होत होत विझतो. त्या दिवशी दोन राहिले. शेजारी शेजारी. गोकुळ ते विझायची वाट बघत होता. ते विझले, पण घाई केली नाही.

मोहनरावांनी ते बघितलं की नाही कळलं नाही. त्यांना दिसायला डोळे कोरडे नव्हते. लाइट येईपर्यंत कॅसेट मशिनमधून निघत नाही, म्हणून ते स्टुलावर बसले. त्या अंधुक गाळ्यात गोकुळला एका उपकृत माणसाच्या शेजारी बसून राहावं लागलं. त्याच्या सबंध आयुष्यात एवढी लांब दुपार झाली नव्हती. मोहनराव थांबून थांबून बोलत होते. आईला गाडीवर बसवलं की ती मागं वळून बघायची, म्हणाले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं होतं की शूटिंगवाली माणसं नुसता लाइट मारत्यात, घेत न्हाईत कुणाला. "मी म्हणलं, गोकुळराव तसला माणूस न्हाय."

गोकुळला वाटलं, आता सांगावं. तोंडही उघडलं.

"उन्हाळ्यात लई गर्दी असती, तात्या," तो म्हणाला.

लाइट आली. मोहनरावांनी ती तिसरी कॅसेट स्वतः हातात घेतली, टॉवेलात गुंडाळली. घरी मशिन नाही, तेव्हा वर्षश्राद्धाला तुमीच मशिन घेऊन या, जेवायलाच या, असं सांगून ते गेले.

ते गेल्यावर त्यांनी नेलेल्या कॅसेटीची आधीची भावंडं गोकुळनं लावून बघितली. मूळ कॅसेटीत काही नव्हतं. पहिल्या दोघींतही आता काही नव्हतं. जाडा पाहुणा, थरथर, पंगत.

६

वर्षश्राद्धाच्या दिवशी झुंबरला त्यानं सोबत चल म्हटलं. झुंबरनं एकदम कामं काढली. मग जरा वेळानं तो म्हणाला, की मी तवाच म्हणलो हुतो, घ्या जरा. एवढंच. गोकुळनं त्याला शिवी दिली आणि एकटाच एम-एटी गाडीला व्हीसीआर बांधून निघाला.

जंक्शनच्या फाट्यावरून कळसला वळेपर्यंत त्यानं चांगल्या पाचसहा गोष्टी रचल्या. मशिन रस्त्यात आपटलं. पट्टा तुटला. हेड गेला. एका ठिकाणी तर तो खरोखरच थांबला आणि मशिनच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. एक चांगला दगड बघितला की झालं असतं. पण रस्त्याच्या कडेनं मेंढरं चालली होती आणि मेंढकानं विचारलं, काय पावणं, काय अडलं का? त्याचा आवाज बापासारखा नव्हता. तरी गोकुळनं दोऱ्या पुन्हा आवळल्या.

घर साधं, नवं, पुढं पत्र्याची पडवी. पानं वाढून झाली होती, कावळ्यानं घास घेतला होता. सगळ्यांच्या तोंडावर ते एक समाधान. मोहनरावांच्या बायकोनं, सिंधुबाईनं, पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "लई पुण्य घेतलं दादा तुमी." गोकुळनं पाण्यात बघून पाय धुतले. फार वेळ धुतले.

आतल्या खोलीत शेजाऱ्याचा टीव्ही आणून ठेवला होता. दुपारचा उजेड नको म्हणून खिडकीला घोंगडी लावलेली. भावकी दाटीनं बसली. प्रतिक्षा भिंतीला टेकून, पोटुशी. पुढं अगदी पडद्याजवळ छकुली, सात-आठ वर्षांची, तेल लावून दोन वेण्या, मांडी घालून.

गोकुळनं वायरी जोडल्या. काम बिनचूक झालं. त्याला वाटत होतं एकच. की कॅसेटीत काही नसावं. आधीच्या दोघींसारखं हिच्यातूनही ते निघून गेलेलं असावं. मग बुरशीची गोष्ट तयारच होती.

७

लग्न बघून माणसं चुळबुळली. कुणी दिसतच नव्हतं. एक म्हातारा म्हणाला, हे काय धुक्यातलं लगीन. गोकुळ जमिनीकडं बघत होता. त्याला जनरेटर ऐकू आला आणि मग खोली गप्प झाली, त्यावरून त्याला कळलं.

सिंधुबाईनं तोंडाला पदर लावला. मोहनरावांनी हात जोडले. कुणी हुंदका दिला, कुणी ‘माझी आई’ म्हटलं. पडद्याचा पांढरा उजेड सगळ्यांच्या अंगावर पडला होता, माणसं चुन्याची केल्यासारखी.

"काय म्हणतीया?" प्रतिक्षानं विचारलं. "दादा, तुमी म्होरंच हुता. काय म्हणली हुती आजी?"

सगळी गोकुळकडं वळली. काय म्हणली होती? त्याला माहीत नव्हतं. रेकॉर्डिंग केलं नाही हे एक. पण त्यानं बघितलंही नव्हतं. त्याला बुंदीची परात आठवत होती.

आणि अशा वेळी गोष्ट येतेच.

"आशीर्वाद दिला," गोकुळ म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच गोड वाटला. "म्हणल्या, प्रतिक्षा, सासरी धीरानं ऱ्हा. बाप तुझा बोलत न्हाय, पर रडतोय आतनं. म्हणल्या, माझा आवाज गेला, पर माझी नात हाय, तीच माझा आवाज."

काय सुंदर रचलं होतं. प्रतिक्षा भिंतीला डोकं लावून रडायला लागली. मोहनरावांनी टोपीनं डोळे पुसले. क्षणभर गोकुळलाही खरंच वाटलं की म्हातारी असंच म्हणाली होती.

"न्हाय," छकुली म्हणाली.

ती वळली नव्हती. नाक पडद्याला लागेल इतकी जवळ होती.

"आजी तसं न्हाय म्हणत."

कुणी तरी तिला गप्प बस म्हटलं. मोहनराव म्हणाले, बोलू द्या तिला. छकुलीनं आजीच्या ओठांबरोबर आपले ओठ हलवून बघितले, जसं ती रोज करत असणार, आणि मग आवाज लावला.

"म्हणतीया, बाळा, ते चालू कर की." ती थोडी थांबली. "म्हणतीया, दिवा लागंना तुझा. बाळा, ते चालू कर की. मला पोरीला सांगायचंय. चालू कर की रं बाळा." पुन्हा थांबली. "तेच तेच म्हणतीया बाबा. दुसरं काय म्हणतच न्हाय."

गोकुळला माणसं आपल्याकडं बघताहेत हे त्वचेवर कळत होतं. हॅलोजन जवळ आला की कळतं तसं. कुणीही त्याला शिवी दिली नाही. सिंधुबाईनं नुसता पदर तोंडावरून खाली घेतला. मोहनराव इतकंच म्हणाले, "गोकुळराव," आणि ते इतक्या हळू, की जसं एखाद्यानं दार उघडून धरावं.

त्याला कुठं तरी बघायला पाहिजे होतं. त्यानं पडद्याकडं बघितलं.

सारजाबाई बोलायची थांबली होती. ओठ मिटलेले. चष्मा सरळ त्याच्याकडं. भिंगांत आता मांडव नव्हता. एक खोली होती, खिडकीला घोंगडी, दाटीनं बसलेली चुन्याची माणसं, दोन वेण्या, आणि सगळ्यांच्या मधे उभा असलेला, हात लोंबते सोडलेला एक माणूस. डाव्या भिंगात एक, उजव्यात एक. आणि दोन्हींच्या कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढा, लाल दिवा लागला होता.

चालू होतं.

सगळी वाट बघत होती. घरातली आणि ती. आता गोष्ट चालणार नव्हती, हे त्याला कळलं आणि खरं काय ते एकदाचं सांगून टाकावं म्हणून गोकुळनं तोंड उघडलं. ओठ हलले. तो बोलला, मन घट्ट करून, पहिल्यापासून, बटणापासून, डोळा मारला तिथपासून सगळं बोलला.

आवाज आला नाही.

त्यानं गळ्याला हात लावला, पुन्हा सांगितलं. मशिनची घरघर तेवढी ऐकू येत होती. मोहनराव मान पुढं करून बघत होते, त्यांना काही कळत नव्हतं.

मग छकुली पडद्याकडं पाठ करून वळली, वेण्या मागं टाकल्या आणि मान तिरकी करून त्याच्या ओठांकडं नीट बघायला लागली.